अरण्यऋषींचा सप्ताह आणि नगरचे माळरान

खास प्रतिनिधी, अहिल्यानगर

नोव्हेंबर उजाडला की जिल्ह्यातील वनविभागाची कार्यालये, महाविद्यालये आणि पक्षिमित्र मंडळे यांची एकच लगबग सुरू होते. ५ ते १२ नोव्हेंबर हा 'पक्षी सप्ताह' राज्यभर साजरा होतो. पहाटेची पक्षिनिरीक्षणे, व्याख्याने, छायाचित्रांची प्रदर्शने असे त्याचे स्वरूप असते. मात्र हा सप्ताह ५ तारखेलाच का सुरू होतो आणि १२ तारखेलाच का संपतो, हे त्यात उत्साहाने सहभागी होणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. या दोन तारखांमागे दोन माणसे आहेत. त्यांपैकी एक होते जगविख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली. दुसरे होते महाराष्ट्र शासनाच्या वनखात्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेले अधिकारी आणि मराठीतील थोर निसर्गलेखक मारुती चितमपल्ली.

चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात झाला, तर डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. या दोन जन्मदिवसांच्या दरम्यानचा आठवडा पक्ष्यांसाठी राखून ठेवावा, ही पक्षिमित्रांची मागणी राज्य शासनाने २०२० मध्ये मान्य केली आणि त्या वर्षापासून हा सप्ताह अधिकृतपणे पाळला जाऊ लागला. चितमपल्ली तेव्हा हयात होते. एखाद्या निवृत्त वनाधिकाऱ्याच्या जन्मदिनी, त्याच्या हयातीतच, शासनाने असा सप्ताह सुरू करावा ही दुर्मीळ गोष्ट होती. १८ जून २०२५ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी सोलापुरात त्यांचे निधन झाले. त्यामुळे आता हा सप्ताह त्यांच्या स्मृतीचाही सप्ताह झाला आहे.

स्मृती जपायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास अहिल्यानगर जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. कारण राज्यातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या असलेल्या या एकाच जिल्ह्यात माळरान, पाणथळ आणि सह्याद्रीचे दाट रान अशी निसर्गाची तीनही रूपे आहेत, आणि तिन्हींवरचा ताणही येथे स्पष्ट दिसतो.

नोकरी वनखात्याची, ध्यास अरण्याचा

कोइमतूर येथील वनमहाविद्यालयात प्रशिक्षण घेऊन चितमपल्ली वनसेवेत आले. तीन दशकांहून अधिक काळ सेवा करून उपमुख्य वनसंरक्षक या पदावरून १९९० मध्ये ते निवृत्त झाले. या काळात कर्नाळा पक्षी अभयारण्य, नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नागझिरा अभयारण्य आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प यांच्या जडणघडणीत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. आज ही नावे पर्यटकांच्या ओठांवर आहेत. त्या काळी मात्र तेथे धड रस्तेही नव्हते. वनाधिकाऱ्याचे मुख्य काम लाकूडतोडीचा हिशेब ठेवणे हेच समजले जात असे. वन्यजीवांचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदाच मुळी १९७२ मध्ये आला. खात्याची नजर इमारती लाकडावरून पशुपक्ष्यांकडे वळू लागली तो हा संक्रमणाचा काळ होता, आणि चितमपल्ली यांची सेवा नेमकी या काळात झाली.

त्यांचे वेगळेपण असे की, बदलीच्या प्रत्येक ठिकाणाला त्यांनी पाठशाळा मानले. वनमजूर, आदिवासी, मासेमार, गुराखी, पूर्वाश्रमीचे शिकारी ही माणसे त्यांची गुरू झाली. नवेगावच्या वास्तव्यात तेथील माधवराव पाटील यांच्या सहवासात त्यांनी जलाशयाचे आणि जंगलाचे जे ज्ञान मिळवले, त्याच्या खुणा त्यांच्या लेखनात जागोजागी आढळतात. दुसरीकडे पारंपरिक पंडितांकडे बसून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. तेराव्या शतकातील जैन पंडित हंसदेव यांचा 'मृगपक्षिशास्त्र' हा ग्रंथ मराठीत आणण्याचे काम त्यातूनच झाले. रानातील माणसाचे तोंडी ज्ञान आणि पोथीतील लिखित ज्ञान यांची सांगड घालणारा असा अधिकारी वनखात्याच्या इतिहासात विरळाच.

'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'रातवा', 'शब्दांचं धन', 'पक्षिकोश' आणि 'चकवाचांदण : एक वनोपनिषद' हे आत्मचरित्र अशी त्यांची ग्रंथसंपदा मोठी आहे. सोलापूर येथे २००६ मध्ये भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२५ मध्ये त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली. लोकांनी त्यांना 'अरण्यऋषी' ही पदवी त्याआधीच बहाल केली होती.

शब्दांचे काम काय?

संवर्धन आणि शब्द यांचा संबंध काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. चितमपल्ली यांच्या कामाचे मर्म नेमके येथेच आहे. पक्षिशास्त्राची परिभाषा इंग्रजीत होती. मराठी वाचकाला बगळा माहीत होता, कावळा माहीत होता. परंतु ते पक्षी शेकड्यांनी एकत्र येऊन जेथे घरटी बांधतात त्या जागेला प्रमाण मराठीत रूढ शब्द नव्हता. चितमपल्ली यांनी बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि पक्षी रात्री एकत्र उतरतात त्या जागेला 'रातनिवारा' असे शब्द दिले.

या शब्दांचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. गावाच्या वेशीवरील चिंचेवर किंवा वडावर बगळ्यांची घरटी असतात. विष्ठेचा वास येतो, पिले खाली पडतात, म्हणून फांद्या छाटण्याची मागणी होते. ते झाड नुसते झाड राहिले तर त्यावर कुऱ्हाड पडते. तेच झाड 'सारंगागार' म्हणून ओळखले गेले, त्याची वनविभागाच्या आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद झाली, तर विणीच्या हंगामापुरते तरी त्याला अभय मिळू शकते. ज्या गोष्टीला नाव नाही तिची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचे रक्षण करा असे कोणाला सांगताही येत नाही.

'रातनिवारा' या शब्दाचे तर नगरशी थेट नाते आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दिवसभर माळावर आणि शेतांवर घिरट्या घालतात. टोळ, उंदीर, लहान पक्षी हे त्यांचे खाद्य. सायंकाळी मात्र हे पक्षी झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवर उतरतात आणि अनेकजण मिळून तेथे रात्र काढतात. दख्खनच्या गवताळ पट्ट्यात त्यांचे असे रातनिवारे असतात. दिवसा त्या जागेवरून चालत गेलेल्या माणसाला तेथे केवळ वाळलेले गवत दिसते. ते पेटवून दिले, नांगरले किंवा त्यावर खड्डे खणून रोपे लावली, तर हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या पाहुण्यांचा निवारा आपण मोडला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पडीक नव्हे, गवताळ

नगर जिल्ह्यातील माळरानाची कथा या गैरसमजाभोवती फिरते. कर्जत, श्रीगोंदे, जामखेड, पारनेर, नगर या तालुक्यांत सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे पाऊस कमी आणि बेभरवशाचा. जमीन उथळ, मुरमाड. अशा ठिकाणी निसर्गतः घनदाट जंगल होत नाही, तेथे गवत आणि विखुरलेली बाभूळ-बोरी होते. ब्रिटिश काळापासून महसुली दप्तरात अशा जमिनीला 'पडीक' म्हणण्याची सवय लागली. जी जमीन पडीक ती कशासाठीही उपयोगात आणण्यास मोकळी, असा अर्थ त्यातून आपोआप निघाला.

प्रत्यक्षात काळवीट, लांडगा, खोकड, तरस, टिटवी, रातवा, चंडोल, धाविक, तित्तिर अशा कितीतरी जिवांचे हेच घर आहे. यांतील बहुतेक पक्षी झाडावर घरटे बांधत नाहीत. ते उघड्या जमिनीवर, खड्यांच्या आधाराने अंडी घालतात. माळावर दाट झाडी लावली तर त्यांना जागा उरत नाही, शिवाय कावळ्यासारख्या अंडी पळविणाऱ्या पक्ष्यांना बसण्यास फांद्या मिळतात. वृक्षारोपण सर्वत्र आणि सर्वकाळ हितकारकच असते हा समज माळरानाच्या बाबतीत घातक ठरतो तो यामुळे.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य हे या बाबतीत पाहण्यासारखे उदाहरण आहे. काळविटांसाठी १९८० मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. राज्यातील सर्वांत लहान अभयारण्यांत त्याची गणना होते. तरीही कुरणाचे रक्षण झाल्यामुळे तेथे काळविटांचे कळप टिकून राहिले. मात्र काळविटाला अभयारण्याची हद्द समजत नाही. कळप आजूबाजूच्या ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांत उतरतात, शेतकऱ्याचे नुकसान होते आणि भरपाईच्या कागदपत्रांसाठी त्याला हेलपाटे मारावे लागतात. छोट्या अभयारण्याचे यश आणि त्याची मर्यादा अशी एकाच ठिकाणी दिसते.

माळढोकाचा धडा

रेहेकुरीच्या यशाशेजारी एक मोठे अपयशही नोंदवावे लागते. उंचीने सुमारे एक मीटर आणि वजनाने बारा-पंधरा किलोपर्यंत भरणारा माळढोक हा उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. सोलापूर व नगर जिल्ह्यांतील माळरान त्याच्या मुक्कामासाठी प्रसिद्ध होते. त्याच्यासाठी १९७९ मध्ये या दोन जिल्ह्यांत मिळून तब्बल ८ हजार ४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. नगरमधील कर्जत, श्रीगोंदे या तालुक्यांचा मोठा भाग त्यात आला. सोलापूरजवळचे नान्नज हे त्याचे केंद्र होते. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली राखलेल्या गवताच्या पट्ट्यांत माळढोकाला विणीसाठी आसरा मिळाला, हे १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी दाखवून दिले होते.

अडचण अभयारण्याच्या रचनेत होती. एवढ्या विस्तारात वनखात्याची जमीन थोडी आणि खासगी शेते, गावे, रस्ते जास्त. कागदावर सारे अभयारण्य असल्याने जमिनीचे व्यवहार, उद्योग, बांधकामे यांवर निर्बंध आले. त्यात राहणाऱ्या लोकांना पक्ष्याबद्दल आत्मीयता वाटण्याऐवजी राग वाटू लागला. दीर्घकाळ चाललेल्या या वादानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १ हजार २२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दरम्यानच्या काळात कुकडी, घोड या प्रकल्पांचे पाणी श्रीगोंदे-कर्जतच्या शिवारात पोहोचले. दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याने ऊस, फळबागा उभ्या केल्या, यात त्याला दोष देता येणार नाही. पण गवताळ पट्टे तुटक झाले, विजेच्या तारांचे जाळे वाढले. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी उडताना ऐनवेळी वळू शकत नाही आणि तारांवर आदळतो. त्यात माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. एवढ्या संथ गतीने वाढणाऱ्या पक्ष्याला हे धक्के पेलणारे नव्हते.

परिणाम सर्वांसमोर आहे. महाराष्ट्रातील माळढोकांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीही उरली नाही. जगभरात दीडशेच्या आसपास माळढोक शिल्लक असावेत असे मानले जाते आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या वाळवंटी गवताळ प्रदेशात आहेत. तेथे बंदिस्त प्रजननाचा प्रयोग सुरू आहे. नगरच्या माळावर त्या पक्ष्याचे नाव अभयारण्याच्या फलकापुरते राहिले.

यातून दोन धडे मिळतात. माणसांना बाजूला सारून आखलेली मोठी रेषा टिकत नाही, हा एक. दुसरा असा की, रेषा लहान केल्याने पक्षी परत येत नाही. चितमपल्ली यांची कार्यपद्धती या दोन्हींच्या मधली होती. रानात राहणाऱ्या माणसाला त्यांनी आपल्या कामात जाणकार म्हणून जागा दिली. ज्या गावाला पक्ष्याचे नाव, त्याची वीण, त्याचा आवाज माहीत आहे, ते गाव त्याचे ओझे मानत नाही. नेवासे तालुक्यातील मोरया चिंचोरे या गावाने मोरांना असेच आपले मानले, आणि गावाची ओळखच मोरांमुळे झाली.

पाणी आणि डोंगर

जिल्ह्याच्या पूर्वेस गोदावरीवर पैठण येथे जायकवाडी धरण आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा नाथसागर जलाशय छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. शेवगाव, नेवासे तालुक्यांतील गावांनी त्यासाठी आपली शेते आणि घरे दिली. उथळ, विस्तीर्ण पाण्यामुळे तेथे रोहित, करकोचे, बदके, कुरव अशा पक्ष्यांची हिवाळी वस्ती जमू लागली आणि १९८६ मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे जायकवाडी पक्षी अभयारण्य घोषित झाले. जेथे पाणी ओसरते तेथील सुपीक गाळावर धरणग्रस्त व लगतचे शेतकरी गाळपेरा करतात. पक्ष्यांनाही नेमकी तीच ओलसर काठाची जमीन लागते. मासेमारांची जाळीही त्याच पाण्यात असतात. या तिघांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आहे. जलाशयावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याच्या प्रस्तावाने त्यात आणखी भर पडली. मासेमारांच्या वतीने त्याविरुद्ध झालेली याचिका २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

पश्चिमेस अकोले तालुक्यात चित्र वेगळे आहे. १९८६ मध्येच घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचे असून राज्यातील सर्वोच्च शिखर, १ हजार ६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, त्याच्या हद्दीत येते. शेकरू हा राज्यप्राणी आणि हरियाल हा राज्यपक्षी या रानात आढळतात. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे या अभयारण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. गावोगावच्या देवराया त्यांनीच राखल्या. चितमपल्ली यांनी विदर्भातील आदिवासींकडून जसे शब्द टिपले, तसे अकोल्याच्या डोंगरातील वृद्धांकडून टिपून ठेवण्याचे काम आजही करता येण्यासारखे आहे. पक्ष्यांची, गवतांची, कंदमुळांची स्थानिक नावे सांगणारी पिढी थकत चालली आहे. पुढची पिढी शाळा-नोकरीसाठी नाशिक, संगमनेर, मुंबईकडे गेली. ही नावे एकदा विस्मरणात गेली की ती सांगणारे कोणी उरणार नाही.

नगर जिल्ह्याला संवर्धनाची परंपरा नवी नाही. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार येथील जलसंधारणाची ख्याती देशभर पोहोचली. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी आणि हिवरेबाजारचे पोपटराव पवार यांना ग्रामविकासासाठी २०२० मध्ये 'पद्मश्री' जाहीर झाली. माती, पाणी आणि बियाणे यांबाबत जे जमले, ते गवत आणि पक्ष्यांबाबतही जमू शकते. हिवरेबाजारात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीमुळे गवत वाढले, ते कापून नेण्याची गावाने शिस्त लावली आणि दूध वाढले. कुरण राखल्याने शेतकऱ्याचा फायदा होतो, हे त्या गावाने दाखवून दिले आहे.

सप्ताहापलीकडे

एखाद्या लोकसेवकाच्या नावाने दिवस किंवा सप्ताह पाळला जातो तेव्हा धोका असतो तो समारंभ उरण्याचा. प्रतिमेला हार, दोन भाषणे, शाळकरी मुलांची फेरी, आणि तेराव्या तारखेला पुन्हा सारे जैसे थे. चितमपल्ली यांनी आयुष्यभर केलेले काम याच्या अगदी उलट होते. ते वर्षानुवर्षे एकाच तळ्याकाठी बसून, एकाच झाडाकडे पाहून टिपणे करण्याचे होते. त्यांची डायरी हीच त्यांची खरी शिदोरी होती. वनरक्षकाच्या दैनंदिनीत केवळ गस्तीचे किलोमीटर न येता कोणते पक्षी कधी आले, कोठे व्याले, गवत कधी वाळले हेही आले, तर खात्यातील या ज्येष्ठाचा वारसा खात्यातच पुढे चालेल.

त्यासाठी वनरक्षक आणि वनमजुरांची पदे भरलेली असणे, त्यांना दुर्बीण, पुस्तके आणि अभ्यासाला थोडी उसंत मिळणे आवश्यक आहे. आगी विझविणे, अतिक्रमणे काढणे, बिबट्या आला की धावणे या धावपळीत त्यांचा दिवस सरतो. नगरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे संकट वाढल्यापासून तर माळरानाकडे पाहण्यास कर्मचाऱ्यांना वेळ मिळणे कठीण झाले आहे. चितमपल्ली घडले ते एका खात्याने त्यांना पाहण्यास, शिकण्यास आणि लिहिण्यास वाव दिला म्हणूनही. तसा वाव आजच्या तरुण वनरक्षकास मिळाला, तर कर्जतच्या माळावरून किंवा अकोल्याच्या डोंगरातून रानाचा आणखी एक जाणकार पुढे येऊ शकेल. अरण्यऋषींना नगर जिल्ह्याने वाहिलेली ती सर्वांत अर्थपूर्ण आदरांजली ठरेल.

चौकट : पक्षी सप्ताहात गावपातळीवर काय करता येईल?

• गावातील सारंगागार असलेली झाडे शोधून त्यांची ग्रामपंचायतीत नोंद करावी. पावसाळ्यातील विणीच्या काळात त्यांची छाटणी टाळावी.

• माळावरील गवत पेटवू नये. सायंकाळी भोवत्या पक्षी उतरतात त्या जागा दुरून पाहून वनरक्षकास कळवाव्यात. रात्री तेथे जाऊ नये.

• गवताळ माळावर सरसकट वृक्षारोपण करण्याआधी तेथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत का, हे जाणकारांकडून पाहून घ्यावे. झाडे गावठाण, बांध, ओढ्याकाठ येथे लावावीत.

• शाळेतील मुलांनी आजी-आजोबांकडून पक्ष्यांची स्थानिक नावे विचारून वहीत लिहावीत. एकाच पक्ष्याची तालुक्यागणिक बदलणारी नावेही टिपावीत.

• घरट्यांची, पिलांची जवळून छायाचित्रे काढू नयेत. माणसाच्या वावरामुळे पक्षी घरटे सोडून जाण्याची शक्यता असते.

• जखमी पक्षी आढळल्यास घरी न पाळता वनविभागाच्या ताब्यात द्यावा.